आधी अधीन व्हा, मग अडवा : रोजच्या आत्मिक लढाईचा क्रम

शुक्रवारची उपवास-प्रार्थना संपत आली की कुणीतरी बहीण पदर सावरत पुढे येते आणि हळूच म्हणते, "ताई, आमच्या घरावर काहीतरी हाय. प्रार्थना करा." आम्ही सगळ्या तिच्याभोवती उभ्या राहतो, डोक्यावर हात ठेवतो, आवाज चढतो. "येशूच्या नावात निघून जा" असं दहा वेळा म्हटलं जातं. बहीण डोळे पुसत घरी जाते. पुढच्या शुक्रवारी तीच बहीण आणि तीच विनंती.

तिची प्रार्थना खोटी नसते, आमचीही नसते. क्रम चुकलेला असतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (४:७) दोन आज्ञा एकापाठोपाठ आहेत. पहिली, देवाच्या अधीन व्हा. दुसरी, सैतानाला अडवा. तो पळून जाईल हे अभिवचन या दोन्हींच्या नंतर येतं. आम्ही पहिली आज्ञा गाळून थेट दुसरीवर उडी मारतो आणि मग तो का पळत नाही म्हणून रडतो.

जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी बायकांची प्रार्थनासभा घेते. तिथं पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिते आहे. विषय रोजच्या लढाईचा आहे: राग, भीती, मोह, हेवा, निराशा, घरातली धुसफूस. कुणाला "लागलंय" असं वाटत असेल तर एकट्या विश्वासीयानं हा लेख हातात घेऊन काही करायला जाऊ नये. तिथं डॉक्टर आणि पाळकसाहेब दोघंही हवेत, आणि आधी डॉक्टर.

## तयारी : शांत दिवशी करून ठेवायची कामं

इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल देवाची शस्त्रसामग्री घ्यायला सांगतो ती वाईट दिवशी टिकता यावं म्हणून. म्हणजे ती त्या दिवसाच्या आधीच अंगावर हवी. भांडण पेटल्यावर कमरबंद शोधत बसायला वेळ मिळत नाही.

वही. लेकरांच्या शाळेतली अर्धी उरलेली चालेल. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे "काय घडलं", उजवीकडे "माझ्या मनानं काय म्हटलं". या रेघेचा उपयोग दुसऱ्या टप्प्यात कळेल. लिहिता येत नसेल तर नातवंडाला लिहायला सांगू नका, घरातल्या गोष्टी लेकरांवर पडतात. सोबतिणीला तोंडी सांगा.

सोबती. एकच माणूस, आधीच ठरवलेला. बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष. गोष्ट पोटात ठेवणारी हवी आणि "तुझंच चुकलं" असं तोंडावर म्हणू शकणारी हवी. सख्ख्या नात्यातली शक्यतो नको, कारण ती भांडणात आधीच कुठल्यातरी बाजूला उभी असते.

वेळ. आपल्याकडे दिवस पाण्यावर चालतो. नळ कधी येईल, टँकर कधी येईल, लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून "सकाळी सहा वाजता प्रार्थना" हे चार दिवस टिकतं आणि मोडतं. वेळ घड्याळाला बांधू नका, रोजच्या एखाद्या कामाला बांधा. जनावरांना वैरण टाकली की दहा मिनिटं, किंवा चहाचं आधण ठेवलं की. काम रोज होतं, म्हणून प्रार्थनाही होते.

वाचन. सात दिवस रोज इफिस ६:१०-१८ मोठ्यानं वाचा. त्यात "टिकून राहा", "उभे राहा" हे पुन्हा पुन्हा येतं ते बोटानं दाखवत वाचा. ख्रिस्तानं वधस्तंभावर सत्तांना आधीच नि:शस्त्र केलंय (कलस्सै २:१५). आपल्याला मिळालेली जागा सोडायची नाही, एवढंच आपलं काम. हे एकदा मनात बसलं की आवाज चढवायची गरज आपोआप कमी होते. आणखी एक पाहा: शस्त्रसामग्रीच्या यादीत सर्वांत आधी सत्य आहे, मग नीतिमत्त्व. म्हणजे खरं बोलणं आणि सरळ वागणं. तलवार पार शेवटी येते.

तपासा: वही आहे का? सोबतिणीला तिचं नाव ठरवल्याचं सांगितलंय का? तिचा नंबर फोनमध्ये आहेच, पण भिंतीवरही लिहिलाय का? फोनची बॅटरी नेमकी वाईट दिवशीच संपते.

## टप्पा १ : आधी देहाकडे पाहा

हा टप्पा सगळे गाळतात, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून "आता माझा प्राण घे" म्हणाला, तेव्हा देवानं त्याला लगेच उपदेश केला नाही. दूतानं त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो परत झोपला. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला दिलं. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर (१ राजे १९). देवानं ज्या क्रमानं केलं त्या क्रमानं आपणही करावं.

आमच्या सभेत एकदा एका वयस्कर भावाचे हातपाय थरथरायला लागले. घामानं सदरा भिजला, बोलणं तुटक झालं. "आत्म्याचा हल्ला आहे" असं कुणीतरी म्हटलं आणि आम्ही प्रार्थनेला उभ्या राहिलो. मीच पुढे होते. बराच वेळ गेला. मागे बसलेल्या त्यांच्या सुनेनं शेवटी धीर करून सांगितलं, "सकाळी शुगरची गोळी घेतलीय, उपास म्हणून जेवले नाहीत." ते शुद्धीवर होते, गिळत होते. वाटीभर पाण्यात तीन चमचे साखर ढवळून घोट घोट पाजली, तसे पाऊण तासात ते उठून बसले आणि मग त्यांना दवाखान्यात नेलं. त्या दिवशी त्यांचा जीव जाऊ शकला असता, आणि आम्ही हात वर करून उभ्याच असतो. तेव्हापासून आमच्या सभेत प्रार्थनेआधी विचारायचं ठरलंय: जेवलात का? झोपलात का? कुठली गोळी चालू आहे?

वहीत डावीकडे सर्वांत वर हेच लिहा. रात्री किती झोप झाली, शेवटचं कधी खाल्लं, ताप आहे का, पाळी आहे का, बाळंतपण होऊन किती दिवस झाले. अर्धी "आत्मिक" निराशा इथंच उलगडते. पौलानं तीमथ्याला त्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). त्या काळचा तो साधा घरगुती उपाय होता. त्याच्या पोटात दुरात्मा आहे असं पौल म्हणाला नाही.

थांबा, इथं प्रार्थना गाडीत बसून करा: साप, विंचू किंवा कुत्रा चावला, लेकराला आकडी आली, छातीत दुखतंय, बाळंतीण बहकल्यासारखं बोलते आहे, तर आधी १०८ ला फोन. कुणी "जगून काय करू" म्हणत असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध त्याच तासाला उचलून दुसरीकडे ठेवा, आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर बोला. तिथं मराठीत बोलता येतं. कर्जानं आणि नापिकीनं खचलेल्या माणसाला "विश्वास कमी पडला" असं सांगणं हे पाप आहे, मी हे विचारपूर्वक लिहिते आहे.

कायदा लक्षात ठेवा: महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे. भूत काढण्याच्या नावाखाली मारणं, दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं, साप-कुत्रा चावल्यावर औषधोपचारापासून अडवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हातात बायबल होतं म्हणून तो गुन्हा कमी होत नाही.

## टप्पा २ : शत्रू नीट ओळखा

आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, हे वाक्य आपल्याला पाठ आहे. तरी प्रार्थनेत नावं रक्तमांसाचीच येतात. जाऊ, भावकी, शेजारीण, सासू, मंडळीतला दुसरा गट.

मराठवाड्यात भानामती आणि करणीचं भेव पिढ्यांचं आहे. बाप्तिस्मा झाला तरी ते एका दिवसात अंगातून जात नाही. ज्या बहिणीच्या आईनं जन्मभर उंबऱ्यावर लिंबू पाहून पाय मागे घेतला, तिला कुंपणापाशी पडलेलं लिंबू दिसलं की छातीत धस्स होणारच. त्यात लाज वाटायचं काही नाही. पण त्या धस्स होण्यानंतर जीभ जे नाव घेते, तिथं सैतानाचं काम सुरू होतं.

वहीची रेघ आता वापरा. एक नमुना देते.

डावीकडे: "मंगळवार. म्हैस दोन दिवस आटली. कुंपणाशी लिंबू."

उजवीकडे: "तिनंच केलंय. आमचं चांगलं तिला बघवत नाही."

नुसतं असं लिहिल्यावरच दिसतं की डावीकडे कुठल्याच "तिचा" पत्ता नाही. तो उजवीकडे आपण घातलाय. म्हशीसाठी जनावरांचा डॉक्टर बोलवा. लिंबू उचलून उकिरड्यात टाका. राहिलं ते उजवीकडचं वाक्य, आणि लढाई त्या वाक्याशी आहे. कुणावर करणीचा ठपका ठेवणं हा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याचा सगळ्यात भयंकर प्रकार आहे. अशा ठपक्यानं बायका गावाबाहेर काढल्या गेल्यात, मारल्या गेल्यात.

आता मनाला एक प्रश्न विचारा: सैतान नसताच तर ही अडचण आली असती का? व्होल्टेज कमी झालं म्हणून मोटार जळली, हप्ता चुकला म्हणून बचत गटातल्या बायका दारात आल्या, अभ्यास केला नाही म्हणून पोरगं नापास झालं. या गोष्टी सैतानाच्या खात्यात टाकू नका. याकोब १:१४ म्हणतो की माणूस स्वतःच्याच वासनेनं ओढला जातो. पण या अडचणींच्या आडून तुमच्या कानात काय सांगितलं जातंय, "देवानं तुला सोडलंय", "चोरी केल्याशिवाय भागणार नाही", "नवऱ्याला सांगू नकोस", ते मात्र नक्की लिहून घ्या.

नेहमीची चूक: "प्रभू, अमक्या बहिणीतला कलहाचा आत्मा काढ" अशी प्रार्थना ती बहीण समोर बसलेली असताना करणं. हा प्रार्थनेच्या आड लपून मारलेला टोमणा आहे. मत्तय १८:१५ प्रमाणे एकांतात तिच्याकडे जा.

## टप्पा ३ : देवाच्या अधीन व्हा

सगळ्या लेखाचा जीव या टप्प्यात आहे.

"प्रभू, मी तुझ्या अधीन होते" असं म्हणणं म्हणजे अधीन होणं नाही. इफिस ४:२६-२७ मध्ये पौल सांगतो की रागातच सूर्य मावळू देऊ नका आणि सैतानाला वाव देऊ नका. वाव म्हणजे जागा, दाराची फट. फट कुठं आहे ते शोधून बुजवणं म्हणजे अधीन होणं.

माझं सांगते. घरामागचं बोअर आमचं आणि धाकट्या दिरांचं सामाईक आहे, मोटार आमच्या मीटरवर. एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून माझं आणि जाऊबाईचं बोलणं बंद झालं. रात्री ती वॉल्व्ह फिरवते असा माझा संशय. मी तीन शुक्रवार उपास करून घरातल्या फुटीच्या आत्म्याविरुद्ध प्रार्थना केली. काही हललं नाही, उलट माझा तिच्यावरचा राग प्रार्थनेनं धारदार होत गेला. चौथ्या आठवड्यात इफिस चार वाचताना मला अचानक दिवाळीतलं बिल आठवलं. एकवीसशे रुपये आलं होतं. मी तिला बिल न दाखवता "तुझे चौदाशे" म्हणून घेतले होते. साडेतीनशे रुपये जास्तीचे. लेकीच्या ड्रेसला लागले म्हणून मी ते मनातून पुसून टाकले होते.

त्या संध्याकाळी पैसे मुठीत धरून मी तिच्या ओट्यावर गेले. ती सुपात गहू निवडत होती. मी सांगितलं, पैसे सुपाच्या कडेला ठेवले. ती बराच वेळ खडे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक व्हतं. बिल मी बी वाचलं व्हतं."

वॉल्व्हचं भांडण त्या दिवशी मिटलं नाही. पाळीचा कागद भिंतीला चिकटवेपर्यंत आणखी दोन दिवस गेले. पण त्या रात्री मी प्रार्थनेला बसले तेव्हा सैतानाला सांगायला माझ्याकडे तोंड होतं. त्याआधी नव्हतं.

आता तुम्ही काय करायचं:

पहिल्यांदा पापाचं नाव घ्या. "मी पापी आहे" हे फार सोपं आहे, ते कुणीही म्हणतं. "मी साडेतीनशे रुपये लबाडीनं घेतले" हे जड जातं. १ योहान १:९ मधली क्षमा पदरी घेण्यासाठी आधी पाप पदरी घ्यावं लागतं. मग जे परत करता येतं ते परत करा, जक्कय जकातदारानं केलं तसं. पैसे, बांधाची सरकवलेली रेघ, मागून आणलेलं भांडं, कुणाबद्दल पसरवलेली गोष्ट. वेदीपाशी आठवलं तर अर्पण तिथंच ठेवून आधी भावाकडे जा, असं प्रभू स्वतः सांगतो (मत्तय ५:२३-२४). तुमची बाजू चाळीस टक्के आणि समोरच्याची साठ असेल तरी तुम्ही तुमच्या चाळीसांचंच बोला. "पण तूही" हे शब्द आले की कबुली संपली.

शेवटी, ज्यानं तुमचं केलंय त्याला देवापुढे क्षमा करा. त्यानं मागितली नसली तरी.

सावधान: क्षमा करणं म्हणजे मार खायला परत जाणं नाही. नवरा किंवा घरातलं कुणी मारहाण करत असेल तर "अधीन हो" हे वचन कुणीही तुमच्या तोंडावर फेकू नये. आधी सुरक्षित जागी जा. ११२ किंवा महिलांसाठी १८१ वर फोन करा. पाळकसाहेब समेट घडवायची घाई करत असतील तर त्यांना हा परिच्छेद दाखवा.

तपासा: वहीत नाव, रक्कम किंवा नेमकी गोष्ट लिहिलीय का? नुसतं "माझं चुकलं" एवढंच असेल तर टप्पा तीन झालेला नाही. पुढे जाऊ नका.

## टप्पा ४ : खोटं शोधा, त्याला नेमकं वचन लावा

रानात प्रभूची परीक्षा झाली तेव्हा त्यानं तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून उत्तर दिलं, आठव्या आणि सहाव्या अध्यायातून. भुकेच्या वेळी भाकरीचं वचन, देवाला पारखण्याच्या वेळी पारखू नको हे वचन, नमनाच्या वेळी नमनाचं वचन. प्रत्येक कुलपाला त्याची किल्ली. आणि हेही विसरू नका की सैतानानंही स्तोत्र ९१ म्हणून दाखवलं. म्हणजे वचन तोंडात असणं पुरेसं नाही.

वहीतलं उजवीकडचं वाक्य घ्या आणि त्याला एकच वचन शोधा. उद्या काय खाऊ या भीतीला मत्तय ६:३१-३३. "तू कधीच सुधारणार नाहीस" याला रोम ८:१. करणीच्या भेवाला १ योहान ४:४. दुसऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरकडे पाहून पोटात दुखत असेल तर स्तोत्र ३७ अख्खं वाचा, एका ओवीनं ते जात नाही. मोहासाठी १ करिंथ १०:१३, आणि त्यातला "निभावण्याचा उपाय" हा भाग अधोरेखित करा.

एक फरक शिकून घ्या, तो आयुष्यभर कामाला येतो. पवित्र आत्मा पापाची खात्री देतो तेव्हा नेमकं कृत्य दाखवतो आणि बाहेरची वाटही दाखवतो: "ते बिल. जा, देऊन ये." दोष लावणारा, प्रकटीकरण १२:१० मधला, कृत्य सांगत नाही. तो म्हणतो, "तू तशीच आहेस." पहिला आवाज जड असतो पण उभं करतो. दुसऱ्यानं माणूस अंथरुणात तोंड खुपसतो. दुसरा आवाज आला की त्याच्याशी वाद घालू नका, वचन म्हणा आणि उठून कामाला लागा.

नेहमीची चूक: लिंबू-मिरची काढली आणि त्याच खिळ्याला वचनाची पाटी टांगली, पण मनातला हिशोब तोच, "हे टांगलं की काही होणार नाही." उशीखाली बायबल, गळ्यात क्रूस, विकत आणलेली तेलाची बाटली, छापील रुमाल यांचंही तेच. वचन कळलं पाहिजे आणि पाळलं पाहिजे. टांगल्यानं ते काम करत नाही.

तपासा: निवडलेलं वचन आठ वर्षांच्या लेकराला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का?

## टप्पा ५ : आता अडवा

हा टप्पा सर्वांत छोटा. आधीचे चार टप्पे नीट झाले असतील तर इथं एक-दोन मिनिटं लागतात.

उभे राहा किंवा बसा. नेहमीच्या आवाजात म्हणा: "मी येशू ख्रिस्ताची आहे. हे खोटं मी मानत नाही. प्रभू तुला धमकावो." मग निवडलेलं वचन एकदा मोठ्यानं. झालं. मीखाएल आद्यदूतसुद्धा वाद घालताना सैतानाला स्वतःहून शिव्याशाप देत बसला नाही, प्रभूवर सोपवून मोकळा झाला (यहूदा ९). आरडाओरड केल्यानं सैतान घाबरत नाही, झोपलेली लेकरं घाबरतात.

इथं फार लोकांचं उलटं होतं. याकोब सैतानाला अडवायला सांगतो. पौल जारकर्मापासून पळायला सांगतो (१ करिंथ ६:१८). आपण सैतानापासून पळतो आणि वासनेशी लढायला थांबतो. रात्री साडेअकराला फोन हातात घेऊन, पांघरूण डोक्यावर ओढून "प्रभू मला शक्ती दे" म्हणणारा तरुण हरणारच. मालकाच्या बायकोनं धरलं तेव्हा योसेफ अंगरखा सोडून पळाला. फोन दुसऱ्या खोलीत, आईच्या उशाशी, चार्जिंगला लावा. हे करण्यात कमीपणा नाही, हेच शास्त्राप्रमाणे आहे. दारूचंही तसंच. संध्याकाळी अड्ड्यावरून जाणारा रस्ता बदला, लांब पडला तरी.

सावधान: आत्म्यांशी बोलू नका. "तू कोण, कुणी पाठवलं" असले प्रश्न विचारू नका. त्यातून शेजारणीचं नाव बाहेर येतं आणि गाव पेटतं. प्रेषितांची कृत्ये १९ मधले याजकाचे सात मुलगे ओळख नसलेल्या येशूचं नाव वापरायला गेले आणि उघडे, जखमी होऊन घराबाहेर पळाले.

## टप्पा ६ : एकट्यानं राहू नका

त्याच दिवशी सोबतिणीला सांगा. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगतो. नेमकी गोष्ट फक्त तिला. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "एका कुटुंबासाठी प्रार्थना करा, नाव सांगत नाही" असं टाकलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला नाव ठाऊक होतं.

दसरा-दिवाळीनंतर जी कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यांच्यासाठी हे वेगळं लिहिणं भाग आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, पहाटेच्या अंधारात फडात. पाच-सहा महिने मंडळी नाही, उपासना नाही. त्यांना "रोज एक तास बायबल वाचा" सांगणं म्हणजे न उचलणारं ओझं खांद्यावर ठेवणं. त्यांनी आठवड्याला एकच वचन घ्यावं. मोळी बांधताना ते म्हणावं. दर मोळीला एकदा म्हटलं तरी संध्याकाळपर्यंत ते रक्तात उतरतं. कोपीत निजण्याआधी नवरा-बायकोनं एकमेकांना एकच प्रश्न विचारावा: "आज माझं काही लागलं का तुला?" आणि गावात राहिलेल्या सोबतिणीनं दर रविवारी उपासनेचं बोलणं दोन मिनिटांत स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवावं. लांबलचक उपदेशाच्या लिंक नकोत, फडात नेट नसतं.

उपासाबद्दल: शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, फडात राबणाऱ्यांनी अन्नाचा उपास करू नये. त्यांनी फोनचा किंवा चहाचा करावा. उपासानं देवाचा हात पिरगाळता येत नाही. आणि एखादा सेवक "बंधन मोठं आहे, इतकं अर्पण लागेल" म्हणाला तर तिथून निघा. कृपेला भाव नसतो.

## टप्पा ७ : रिकामी जागा भरा

मत्तय १२:४३-४५ मधलं घर झाडलेलं, सजवलेलं होतं, पण रिकामं होतं. म्हणून निघून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत आला. दंडातला गंडा काढून फेकला, दारू सोडली, जावेशी अबोला तोडला, की त्या जागेत काय ठेवलं ते विचारा. गंड्याच्या जागी रोज रात्री लेकराच्या डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यांची प्रार्थना. दारूच्या वेळेला घरसभा, किंवा लेकाबरोबर शेताला चक्कर. अबोल्याच्या जागी वाटीभर भाजी. रोम १२:२०-२१ मध्ये भुकेल्या शत्रूला जेवू घालायला सांगितलंय, आणि पौलाच्या मते वाइटाला जिंकण्याची रीत हीच.

हे पहिले सहा टप्पे करून आठ-पंधरा दिवसांत माणूस सैल पडतो. त्यामुळे चाळीस दिवस वही बंद करू नका.

## सगळं केलं, तरी गेलं नाही तर

असं होतं. पौलानं आपल्या देहातल्या काट्याला सैतानाचा दूत म्हटलं, तीनदा विनंती केली, आणि तो काटा राहिला (२ करिंथ १२:७-९). पौलाचा क्रम चुकला होता असं कुणी म्हणेल का? आजार राहिला, नोकरी लागली नाही, नवरा उपासनेला येत नाही, म्हणून लढाई हरलात असं नाही. जन्मांधाकडे पाहून शिष्यांनी "पाप कुणाचं" विचारलं, प्रभूनं तो प्रश्नच मोडून काढला (योहान ९:१-३). आजाऱ्याच्या खाटेपाशी बसून कुणी तोच प्रश्न परत काढत असेल तर त्याला हात धरून अंगणात न्या.

आणि त्याच पापात पुन्हा पडलात तर पहिल्यापासून सुरू करू नका, थेट टप्पा तीनवर या. रात्री दोन वाजता स्वतःचा न्याय करत बसू नका. त्या वेळी दोष लावणाराच जागा असतो. पापाचं नाव देवापुढे घ्या, एका ओळीत वहीत लिहा, तांब्याभर पाणी प्या आणि झोपा. सकाळी वैरण टाकून झाली की सोबतिणीला फोन लावा, आणि ती "काय झालं गं" म्हणाली की "काही नाही" म्हणू नका.